डॉ. रोनाल्ड रॉस आणि चिमण्यांचा हिवताप



या वेळच्या भित्तिपत्रकात मी एका थोर डॉक्टरांची माहिती लिहीत आहे. त्यांचं नाव सर रोनाल्ड रॉस. हिवताप म्हणजे मलेरिया. आपण त्याला थंडीताप पण म्हणतो. हा ताप डासांमुळे एकापासून दुसऱ्याला कसा होतो, हे रॉस यांनी शोधून काढले. आणि गंमत म्हणजे त्यांना ते पक्क्या पुराव्यासकट कळलं ते चिमण्यांमुळे! आपल्याला वाटतं आजारी फक्त माणसं आणि गुरंच पडतात. पण रानातल्या पाखरांच्या रक्तातसुद्धा हिवतापासारखे जंतू असतात. ते कसं, ते पुढं वाचा.

रोनाल्ड रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोडा या गावी झाला. हे गाव हिमालयात आहे. आज ते उत्तराखंड राज्यात येते. त्या वेळी आपल्या देशावर इंग्रजांचे राज्य होते. १८५७ साल म्हटल्यावर तुम्हाला लगेच आठवलं असेल. १० मेला मीरतला उठाव सुरू झाला आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी हे बाळ जन्मले. त्यांचे वडील इंग्रजांच्या फौजेत मोठे अधिकारी होते. त्यांना दहा मुले. रोनाल्ड सगळ्यात थोरले.

आठ वर्षांचे असताना त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले. आईवडील इकडे हिंदुस्थानात आणि मुलगा तिकडे काका-काकूंकडे, वाईट नावाच्या बेटावर. आपल्यातला कोणी दुसरीत असतानाच बोटीत बसवून सातासमुद्रापलीकडे पाठवला तर कसं वाटेल, बघा. रोनाल्ड यांना कविता करायला आवडायच्या. चित्रे काढायला आवडायची. गाण्यात आणि गणितातही ते हुशार होते. चौदाव्या वर्षी त्यांना गणितात बक्षीस मिळाले. त्यांना लेखक व्हायचे होते. पण वडील म्हणाले, तू डॉक्टर हो. वडलांचं ऐकावं लागलं. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात ते डॉक्टरकी शिकले. पण मन काही लागेना. अभ्यास सोडून ते कविता आणि नाटकं लिहीत बसायचे. १८७९ साली ते परीक्षा पास झाले आणि काही काळ बोटीवर डॉक्टर म्हणून राहिले. मग १८८१ साली सरकारी डॉक्टर म्हणून ते हिंदुस्थानात परत आले.

पहिल्यांदा ते मद्रासकडे होते. १८८३ साली त्यांची नेमणूक बंगलोरला झाली. तिथं त्यांना राहायला बंगला मिळाला. बंगला चांगला होता, पण डास लय. दुसऱ्यांच्या खोल्यांत इतके डास नव्हते. यांच्याच खोलीत का? त्यांनी शोध केला. खिडकीबाहेर एक पाण्याचं पिंप होतं. त्या पाण्यात बारीक बारीक अळ्या वळवळत होत्या. त्यांनी पिंप पालथं करवलं. झालं! खोलीतले डास कमी झाले. मग ते एका अधिकाऱ्याला म्हणाले की, सगळीकडचीच अशी भांडी उपडी करू या. पण त्या अधिकाऱ्याला ते पटलं नाही. निसर्गाने डास केलेत ते कशाला तरी केले असतील, आपण त्यात हात घालू नये, असं त्यांचं म्हणणं पडलं. तेव्हा रॉस यांना सुद्धा डासाचा आणि हिवतापाचा संबंध माहीत नव्हता. पण साचलेल्या पाण्यात डास होतात, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात बसली ती बसलीच.

आता हिवतापाबद्दल त्या काळी लोकांना काय वाटायचे ते सांगतो. मलेरिया हा शब्द इटली देशातला. त्याचा अर्थ खराब हवा. दलदलीतून घाण हवा निघते, ती श्वासातून पोटात गेली की ताप येतो, असे मोठे मोठे डॉक्टरही मानत. आपल्याकडे अजूनही कोणी म्हणतात, पावसात भिजला म्हणून थंडीताप आला, काकडी खाल्ली म्हणून आला. औषध मात्र लोकांना माहीत होते. सिंकोना झाडाच्या सालीपासून केलेलं कोयनेल. ते इतकं कडू असतं की तोंड वाकडं होतं. औषध होतं, पण रोग येतो कुठून हे कुणाला ठाऊक नव्हतं.

१८८० साली फ्रान्सचे एक डॉक्टर अल्जीरिया देशात होते. त्यांचे नाव लाव्हरां. त्यांनी तापाने आजारी असलेल्या सैनिकाचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात त्यांना हालणारे जंतू दिसले. हा रोग हवेचा नाही, रक्तातल्या जंतूचा आहे, असे त्यांनी सांगितले. पुढे चार-पाच वर्षांतच युक्रेनमध्ये खारकीव्ह येथे डॅनिलेव्हस्की नावाच्या शास्त्रज्ञांनी पाखरांचे रक्त तपासले. तर पाखरांच्या रक्तातही तसलेच जंतू निघाले! म्हणजे हे जंतू माणसांच्या रक्तात, तसेच पाखरांच्या पण रक्तात. मात्र एका रक्तातून दुसऱ्या रक्तात ते जातात कसे? पाखरू कुठं दुसऱ्या पाखराचं रक्त पितं? हेच मोठं कोडं होतं.

१८९४ साली रॉस रजेवर लंडनला गेले. तिथे त्यांची भेट डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांच्याशी झाली. मॅन्सन यांनी चीन देशात असताना एक शोध लावला होता. हत्तीरोगाच्या रोग्याला चावलेल्या डासाच्या पोटात त्या रोगाचे बारीक जंत जातात आणि तिथे वाढतात, असा तो शोध. रॉस यांचा आधी लाव्हरां यांच्या जंतूंवर विश्वास नव्हता. मॅन्सन यांनी सूक्ष्मदर्शकात ते जंतू दाखवले, तेव्हा विश्वास बसला. मॅन्सन यांनी सांगितले की, मला वाटतं हिवतापाचे जंतू पण डासच नेत असतील. तू हिंदुस्थानात जातोस, तर हे शोधून काढ. असे मॅन्सन हे रॉस यांचे गुरू झाले. रॉस त्यांना हिंदुस्थानातून मोठी मोठी पत्रे लिहीत आणि काय दिसले, काय चुकले ते सगळे कळवत.

१८९५ साली रॉस परत आले आणि सिकंदराबादला कामाला लागले. सिकंदराबाद हैदराबादला लागूनच आहे. रुग्णालयात त्यांनी डास पाळले. अळ्या आणायच्या, बाटलीत वाढवायच्या, डास झाले की मच्छरदाणीत सोडायचे. मच्छरदाणीत हिवतापाचा रोगी झोपलेला. आपण डास आत येऊ नये म्हणून मच्छरदाणी लावतो. त्यांनी डास बाहेर जाऊ नये म्हणून लावली!

मॅन्सन यांना असं वाटायचं की डास पाण्यात मरतो आणि ते पाणी माणसं पितात, म्हणून ताप येतो. म्हणून रॉस यांनी तसे पाणी काही माणसांना पैसे देऊन पाजले. त्यातून काही सिद्ध झाले नाही. माणसांवर असे प्रयोग आज करायचे असतील तर खूप नियम आहेत. त्या माणसाला सगळं समजावून सांगावं लागतं, त्याची परवानगी घ्यावी लागते आणि मोठ्या समितीची पण घ्यावी लागते. ते बरंच झालं, असं मला वाटतं.

डास कापून बघणे हे काम किती अवघड आहे, त्याचा विचार करा. तीळ किती बारीक असतो? डासाचं पोट त्याहून लहान. ते सुईच्या टोकाने बाहेर काढायचे, काचपट्टीवर पसरायचे आणि सूक्ष्मदर्शकातून तुकडा न् तुकडा बघायचा. एका डासाला दोन-दोन तास लागत. उन्हाळ्यात घामाच्या धारा लागायच्या. कपाळावरच्या आणि हाताच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले. काचेला तडा गेला. पंखा ओढून घ्यायचा म्हटलं तर कापलेले डास उडून जाणार. म्हणून पंखासुद्धा नाही. आणि दोन वर्षं शोधूनही काही सापडेना. कारण काय, तर ते ज्या जातीचे डास कापत होते, त्या जातीचे डास माणसाचा हिवताप नेतच नाहीत. पण हे त्यांना तेव्हा कसं कळणार! मध्ये सरकारने पटकीच्या साथीसाठी त्यांना बंगलोरला पाठवले. १८९७ साली उटीकडे गेले असताना त्यांना स्वतःलाच हिवताप झाला. तरी त्यांनी काम सोडले नाही.

१८९७ च्या ऑगस्ट महिन्यात त्यांना नव्या जातीचे डास मिळाले. त्यांच्या पंखांवर ठिपके होते. या डासांना ॲनोफिलिस म्हणतात. हा डास बसताना तिरपा बसतो, शेपटीकडची बाजू वर. हुसेन खान नावाचा एक हिवतापाचा रोगी होता. त्याने डास चावून घ्यायला होकार दिला. चावलेल्या प्रत्येक डासामागे त्याला एक आणा मिळाला. सोळा आण्यांचा एक रुपया होतो, म्हणजे एक आणा सव्वासहा पैशांचा. त्यांतले काही डास मेले, काही कापून झाले आणि थोडेच उरले.

२० ऑगस्ट १८९७. त्या दिवशी रॉस खूप दमले होते. पण उरलेल्यांतला एक डास त्यांनी कापला. सगळं बघून झालं, फक्त पोटाची भिंत राहिली होती. सोडून द्यावं असं मनात आलं. पण त्यांनी नेटाने ती पण पाहिली. आणि तिथं त्यांना गोल गोल पेशी दिसल्या. त्यांच्यात काळे कण होते. असले काळे कण हिवतापाच्या जंतूतच असतात. दुसऱ्या दिवशी आणखी एक डास कापला. त्यातल्या पेशी आदल्या दिवसापेक्षा मोठ्या झाल्या होत्या. म्हणजे जंतू डासात जिवंत होते आणि वाढत होते! रॉस यांना इतका आनंद झाला की त्यांनी त्यावर कविता केली. २० ऑगस्ट हा दिवस म्हणूनच जगात डास दिन म्हणून पाळतात.

पण एवढ्यावर कोडे सुटले नव्हते. जंतू डासाच्या पोटात गेला हे कळले. पोटातून तो परत माणसात कसा येतो? हे अर्धं बाकी होतं. आणि तेवढ्यात सप्टेंबरमध्ये सरकारी हुकूम आला की, दुसरीकडे बदली. त्यांना राजपुतान्यात खेरवाडा इथं जावं लागलं. ते आज राजस्थानात उदयपूरच्या बाजूला आहे. तिथं हिवतापाचे रोगीच मिळेनात. रॉस खूप वैतागले. पण गप्प बसले नाहीत. त्यांनी कबुतरं धरली आणि त्यांचं रक्त तपासलं. त्यात जंतू होते. माणूस नाही तर पाखरू! इथून त्यांचे लक्ष पाखरांकडे गेले.

१८९८ च्या फेब्रुवारीत मॅन्सन यांच्या खटपटीने रॉस यांना कलकत्त्याला खास संशोधनासाठी पाठवण्यात आले. तिथल्या सरकारी रुग्णालयात एक लहान प्रयोगशाळा मिळाली. पण तिथेही अडचण. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली होती. पुढच्या वर्षी पुण्यातही प्लेगने फार हाल केले. हे आपल्याला इतिहासात आहे. मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली होती. आता प्लेग कलकत्त्याला येणार म्हणून लोक भ्याले होते आणि सुईला तर फारच भ्यायचे. रॉस बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घ्यायला गेले की लोकांना वाटायचे, हा प्लेगची लस टोचणार. पैसे देतो म्हटले तरी लोक पळून जायचे. तेव्हा रॉस यांनी ठरवले की, आता पाखरांवरच काम करायचे.

त्यांनी कावळे, कबुतरे, चंडोल आणि चिमण्या आणवल्या. त्यांना पिंजऱ्यात ठेवले. मोहम्मद बक्ष नावाचा त्यांचा मदतनीस डास धरायचा, अळ्या शोधून आणायचा आणि पाखरांची काळजी घ्यायचा. किशोरीमोहन बंदोपाध्याय हे पण त्यांना प्रयोगशाळेत मदत करीत. पुस्तकात रॉस यांचंच नाव मोठ्या अक्षरात असतं. पण डास आणून देणारा, पिंजरे झाडणारा, हातावर डास चावून घेणारा, हे नसते तर शोध लागला असता का? म्हणून मी हुसेन खान आणि मोहम्मद बक्ष यांची नावं इथे मुद्दाम लिहिली आहेत.

आता पाखरांच्या रक्ताची गंमत ऐका. आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात. त्या गोल, चपट्या असतात. इतक्या बारीक, की एका मिलिमीटरमध्ये सुमारे १४० पेशी ओळीने बसतील. पाखरांच्या तांबड्या पेशी लांबट असतात, आणि त्यांच्या मधोमध एक ठिपका असतो. त्याला केंद्रक म्हणतात. आपल्या तांबड्या पेशीत तो नसतो. पाखरांच्या हिवतापाचा जंतू या तांबड्या पेशीत शिरतो, तिथेच खातो, वाढतो, त्याची खूप पिल्लं होतात आणि पेशी फुटते. मग ती पिल्लं दुसऱ्या पेशीत शिरतात. जंतू खूप झाले की पाखरू फुगून, पिसं विस्कटून बसून राहतं. दाणे खात नाही. अशक्त होतं. कधी मरतं पण. पुष्कळ पाखरं मात्र बरी होतात, पण थोडे जंतू त्यांच्या अंगात राहूनच जातात.

रॉस यांनी पिंजऱ्याला मच्छरदाणी लावली आणि रात्री आत डास सोडले. हे डास करड्या रंगाचे होते. यांना क्युलेक्स म्हणतात. सकाळी डास बघायचे, तर त्यांची पोटं रक्तानं लालभडक. त्यांना नळीत धरून ठेवायचे आणि दररोज एक-दोन कापून बघायचे. पोटाच्या भिंतीवर तेच! काळ्या कणांच्या गोल पेशी. कळलं की पाखरांचा हिवताप करड्या डासात वाढतो.

मग त्यांनी एक हिशोबाचा प्रयोग केला. तीन चिमण्या घेतल्या. एकीच्या रक्तात भरपूर जंतू, दुसरीच्या रक्तात मध्यम आणि तिसरीच्या रक्तात काहीच नाही. तिघींना डास चावू दिले आणि प्रत्येकीचे दहा-दहा डास तपासले. भरपूर जंतूवाल्या चिमणीच्या डासांत हजारभर पेशी मिळाल्या. मध्यम जंतूवालीच्या डासांत तीनशेच्या आसपास. आणि निरोगी चिमणीच्या डासांत एकही नाही. बघा, नुसतं मला असं वाटतं म्हणून चालत नाही. मोजून दाखवावं लागतं. गणित इथं कामाला आलं.

पोटावरच्या पेशी दिवसेंदिवस मोठ्या होत जात. पाच-सहा दिवसांनी त्या टरारून फुगत आणि मग फुटत. फुटल्यावर त्यातून दोऱ्यासारखे बारीक बारीक जंतू बाहेर पडत. एकेका पेशीतून शेकडो, हजारो. ते डासाच्या सगळ्या अंगात पसरत. पण शेवटी जातात कुठं? रॉस बघत राहिले. १८९८ च्या जुलै महिन्यात त्यांना डासाच्या मानेजवळ एक ग्रंथी सापडली. तिच्यात हे दोरे खच्चून भरले होते. आणि त्या ग्रंथीची नळी थेट डासाच्या सोंडेत जात होती. ती होती लाळेची ग्रंथी! डास चावतो तेव्हा आधी आपल्या अंगात लाळ सोडतो आणि मग रक्त पितो. त्या लाळेबरोबरच जंतू आत जातात. म्हणजे कोड्याचा उरलेला अर्धा भाग पण सुटला. हवेतून नाही, पाण्यातून नाही, डासाच्या चावण्यातून.

आता खात्री करायची राहिली. त्यांनी निरोगी चिमण्या घेतल्या. आधी त्यांचं रक्त तपासून बघितलं की जंतू नाहीत ना. मग आजारी पाखरांचं रक्त प्यालेले डास रात्री त्यांच्यावर सोडले. थोड्या दिवसांनी परत रक्त तपासले. रक्त जंतूंनी भरलेले! परत परत प्रयोग केला. एकूण २८ निरोगी चिमण्यांपैकी २२ चिमण्यांना हिवताप झाला. म्हणजे चारपैकी तिनांपेक्षा जास्त. त्यांतल्या काही चिमण्या दगावल्या. मला हे वाचून वाईट वाटलं. चिमण्यांना कुणी विचारलं नव्हतं. पण त्या चिमण्यांमुळं लाखो माणसांचा जीव वाचायचा रस्ता सापडला, हे पण खरंच आहे. म्हणून हुसेन खानबरोबर त्यांची आठवण पण ठेवायला पाहिजे.

रॉस यांनी ताबडतोब मॅन्सन यांना तार केली. जुलै महिन्याच्या शेवटी स्कॉटलंडमध्ये एडिंबरो शहरात डॉक्टरांची मोठी सभा होती. तिथे मॅन्सन यांनी हा शोध सगळ्यांना सांगितला. सगळ्यांना फार आनंद झाला.

रॉस यांना आता हेच सगळं माणसाच्या हिवतापावर करून दाखवायचं होतं. पण सरकारने त्यांना काळा आजार नावाच्या दुसऱ्या रोगाच्या कामाला आसामात पाठवले. तेवढ्यात इटली देशात ग्रासी आणि त्यांच्या मित्रांनी १८९८ च्या शेवटी दाखवून दिले की, माणसाचा हिवताप ॲनोफिलिस डासापासून होतो. मग रॉस आणि ग्रासी यांचे पहिला कोण यावरून मोठे भांडण झाले. ते बरीच वर्षं चालले. थोर माणसं पण भांडतात हे वाचून मला नवल वाटले. पण खरं म्हणजे दोघांचेही काम मोठे होते. एकाने पाखरांमध्ये पूर्ण रस्ता दाखवला, दुसऱ्याने माणसांमध्ये.

१८९९ साली रॉस हिंदुस्थान सोडून इंग्लंडला गेले आणि लिव्हरपूल येथे शिकवू लागले. १९०२ साली त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नोबेल मिळालेले ते पहिले ब्रिटिश. आणि त्यांचा जन्म कुठला? आपल्या अल्मोड्याचा! पुढे १९०७ साली लाव्हरां यांनाही नोबेल मिळाले. रॉस आफ्रिकेत गेले, सुएझ कालव्याजवळच्या इस्माइलिया गावात गेले, मॉरिशस बेटावर गेले. सगळीकडे ते एकच सांगत. पाणी साचू देऊ नका. डबकी बुजवा. त्यांनी गणित मांडून दाखवले की, जगातला शेवटचा डास मारायची गरज नाही. डास एका ठरावीक संख्येच्या खाली आणले तरी हिवताप आपोआप कमी होत जातो. १९११ साली त्यांना सर ही पदवी मिळाली.

१९२७ साली ते परत कलकत्त्याला आले होते. ज्या रुग्णालयात त्यांनी चिमण्यांवर काम केले, तिथल्या फाटकापाशी त्यांचे स्मारक बांधले. ते स्वतः त्या वेळी हजर होते. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ७५ वर्षांचे होते.

रॉस यांची गोष्ट इथे संपली, पण हिवताप संपला नाही. २०२३ साली जगात हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे मेली. त्यांतली पुष्कळशी आफ्रिकेतली लहान मुलं होती, आपल्यापेक्षाही लहान. पण चांगली बातमी पण आहे. आता हिवतापावर लस निघाली आहे. त्यातल्या एका लशीला २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिली. तिचं संशोधन इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड विद्यापीठाने केलं, आणि ती बनते कुठं? आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये!

पाखरांचा हिवताप पण अजून आहे. प्रशांत महासागरात हवाई नावाची बेटं आहेत. तिथं पूर्वी डासच नव्हते. १८२६ साली एका जहाजावरच्या पाण्याच्या पिंपांतून डास तिथं उतरले. पुढे बाहेरच्या पाखरांबरोबर हिवतापाचे जंतूही आले. तिथल्या रंगीबेरंगी रानपाखरांना या रोगाची सवय नव्हती. त्यांच्या कितीतरी जाती कायमच्या नाहीशा झाल्या. उरलेली पाखरं उंच डोंगरावर थंडीत राहतात, कारण तिथं डास कमी. आता हवा गरम होत चालली, तसे डास वर चढायला लागले आहेत. म्हणून तिथले शास्त्रज्ञ २०२३ पासून एका वेगळ्या प्रकारचे नर डास जंगलात सोडू लागले. नर डास चावत नाहीत. त्यांच्याशी जोडी जमली की मादीची अंडी फुटत नाहीत. पाखरांना वाचवायला डास सोडायचे! रॉस यांना हे वाचून मजा वाटली असती.

पालकांना एक सांगायचं आहे. पाखरांचा हिवताप माणसाला होत नाही. पाखरांचे जंतू वेगळे, आपले वेगळे. म्हणून शाळेच्या आढ्याला चिमण्यांनी घरटं केलं तर ते पाडू नका. चिमणीमुळे ताप येत नाही. ताप येतो तो घरामागच्या फुटक्या माठातल्या पाण्यामुळे.

माझी आजी सांगते, पूर्वी फवारणीवाले घरोघर यायचे, भिंतींवर औषध मारायचे आणि दारावर तारीख लिहून जायचे. आता आशाताई येतात आणि बोटाला टोचून काचपट्टीवर रक्त घेतात. तेव्हा आपल्या वर्गातले काही जण पळतात. कलकत्त्याचे लोक पण असेच पळाले होते. पण आपण पळायचं नाही. कारण ते रक्त तपासूनच कळतं की ताप साधा आहे की हिवतापाचा.

लक्षात ठेवा :
१) आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा. रांजण, टाकी, पिंप, गुरांची पाण्याची डोणी रिकामी करा, घासा, वाळवा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याला पाणी ओतलं की अळ्या मोठ्या व्हायच्या आधीच मरतात.
२) फुटके डबे, करवंट्या, जुने टायर अंगणात ठेवू नका.
३) मोठ्या हौदात आणि विहिरीत गप्पी मासे सोडा. ते अळ्या खातात.
४) रात्री मच्छरदाणीत झोपा.
५) थंडी वाजून ताप आला तर अंगारा लावून थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. रक्त तपासा आणि दिलेल्या गोळ्या पूर्ण घ्या. अर्ध्यात सोडू नका.

सांगा पाहू :
१) रॉस यांच्या २८ चिमण्यांपैकी किती चिमण्यांना हिवताप झाला नाही?
२) डास दिन केव्हा असतो?
३) आपल्या घरामागे पाणी साठलेली किती भांडी आहेत? घरी जाऊन मोजा आणि सोमवारी बाईंना सांगा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शून्य आलं पाहिजे. कोणाचं शून्य आलं नाही, तर आपण चौथीची सगळी मुलं मिळून त्याच्या घरी जाऊ आणि भांडी पालथी करू. बंगलोरला रॉस यांचं कुणी ऐकलं नव्हतं. आपल्या गावात तरी ऐकू या.

— इयत्ता चौथी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा